चौथं मनगट

१

नवं अत्तर आलं की नाना ते लगेच कधी फळीवर मांडत नसत. आधी चार मनगटं, मग फळी, हा दुकानाचा कायदा. चार ओळखीची माणसं निवडायची, रोज एकाच्या डाव्या मनगटावर काचेच्या काडीनं थेंब ठेवायचा, तो आपल्या अंगठ्यानं दाबून त्याला जरा ऊब द्यायची आणि सांगायचं, "उद्या याच वेळेला या आणि काय काय वाटलं ते सांगा. चांगलं बोलायची गरज नाही, खरं बोला." माणूस सांगायचा आणि नाना एका जाड वहीत शब्द न् शब्द उतरवून घ्यायचे. मध्ये तोंड घालायचं नाही. फार तर "मग?" एवढंच विचारायचं.

त्या वहीत त्यांचा जीव होता. शाळा सातवीत सुटलेली, अत्तराचं पुस्तक आयुष्यात उघडलेलं नाही. जे शिकले ते गिऱ्हाइकाच्या तोंडून. "नाक माझं, पण कातडी लोकांची," म्हणायचे. गुलाबाचं एक अत्तर लावून गेलेल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, "नवऱ्याला आवडलं, म्हणून धुऊन टाकलं." नानांनी तेही जसंच्या तसं लिहिलं आणि पुढं वर्षभर ते अत्तर त्या एका वाक्यावर विकलं.

संत्र्याचं हे अत्तर मात्र वेगळंच निघालं. धंदा गुंडाळणाऱ्या एका तेलवाल्यानं जाता जाता बिनचिठ्ठीची बाटली हातात ठेवली, "बघा तुम्हाला जमलं तर" म्हणाला आणि गेला. संत्र्याचा वास म्हणजे घाईतला पाहुणा. तुम्ही चहा टाकेपर्यंत तो चपला घालून दारात उभा. हा पाहुणा चार दिवस हलला नाही. कागदाच्या पट्टीवर लावलेला थेंब चौथ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा ताजा होता. कोणीतरी आत्ता, नाकाजवळ, साल मोडून तिचा फवारा उडवावा तसा. नानांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळा चुरचुरला.

"हे चालणार," ते स्वतःशीच म्हणाले.

पहिलं मनगट सलूनवाल्याचं ठरलं, दुसरं शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं, तिसरं दातांच्या डॉक्टरांचं. चौथं दरवेळी लेकीचं असे. लेक बापाचं नाक घेऊन जन्मली होती; आकार तेवढा आईचा, ही देवाची कृपा. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, नवरा कामासाठी महिन्यातले वीस दिवस बाहेर, घरात ती आणि नऊ महिन्यांची चिंगी. या चिंगीपायी नाना दर रविवारी दुकान बंद ठेवू लागले होते. चाळीस वर्षांत जे कोणत्या आजारपणानं झालं नाही, ते हिनं दोन दातांवर करून दाखवलं. लेकीची कुपी त्यांनी दोऱ्यानं घट्ट बांधून त्याच दिवशी पाठवून दिली.

मग सलूनवाल्याच्या मनगटावर थेंब ठेवला, अंगठा दाबला आणि अंगठ्यावर उरलेलं नेहमीसारखं कानामागं पुसून टाकलं.

२

सलूनवाला दुसऱ्या दिवशी आला तो उजव्या हाताला पट्टी बांधून.

"काय रे, भिंतीशी भांडलास?"

"आरशाशी." तो स्टुलावर बसला. "लिहा नाना. आधी मजा वाटली. साल सोलताना डोळ्यात उडतं ना, तसं. दुपारपर्यंत गिऱ्हाइकं विचारत होती, काय लावलंय म्हणून. मग तो गाणारा साहेब आला दाढीला."

"तो? एकदा सुरू झाला की थांबत नाही तो?"

"तोच. गात होता. आणि माझ्या डोळ्यांपुढं एक बोळ आला. रस्त्यावरचा नाही, घरातला. अरुंद. फिकट हिरव्या भिंती. खाली निळी बादली पालथी पडलेली. टोकाला बंद दार. मी त्या दाराकडं चाललो होतो."

"मग?"

"मग बरं वाटलं." सलूनवाल्यानं मान खाली घातली. "फार बरं वाटलं, नाना. वस्तरा त्याच्या गळ्यावर होता. लोकांना सांगितलंय, घसरला म्हणून. घसरला नाही. मी दाबला. त्याचं गाणं बंद झालं, तेव्हा आरशात मला माझा चेहरा दिसला. मी हसत होतो. म्हणून आरशावरच मूठ मारली. साहेबाला नऊ टाके पडले. वाचला."

नानांनी लिहून घेतलं. पाणी दिलं. उन्हाळा, झोप नाही, घरी भावाशी वाटणीची कटकट. माणसाचं डोकं फिरायला अत्तर कशाला लागतं, अशी त्याची समजूत घातली आणि स्वतःचीही. तो गेल्यावर वही मिटताना दिसलं की पेन्सिल कागदातून आरपार गेली होती, एकदा नाही, ओळीच्या ओळी. हल्ली कागद फारच पातळ काढतात, असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

३

शिवणकामाच्या वहिनी त्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा अगदी शांत होत्या. पदर नीट, केस नीट. फक्त डाव्या बाहीवर तपकिरी शिंतोडे होते.

"वास सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "जातच नाही. साबण लावला तर वाढतो."

"मग?"

"एक दार आहे हो. पांढरं. खालून पाण्यानं फुगलेलं, फळीचे पापुद्रे सुटलेत. मी अगदी समोर उभी. आत नळ चालू आहे आणि एक बाई कोणालातरी गप्प करतेय. शू, शू... तसं. माझ्या हातात काहीतरी आहे. मला आत जायचंय. भूक लागल्यावर स्वयंपाकघरात जायचं असतं ना, तसं जायचंय."

"मग?"

"मग आमचे हे म्हणाले, बटणं संपली." वहिनींनी बाहीवरचा डाग नखानं खरवडला. "एवढंच म्हणाले हो बिचारे. हात टेबलावर होता त्यांचा. कात्री पंजातून टेबलात गेली. उपटायला दोन माणसं लागली. ते ओरडत होते आणि मी विचार करत होते, कापड सरळ धरलं असतं तर आणखी आत गेली असती."

"राग आला होता का तुम्हाला?"

मध्ये बोलायचं नाही हा नियम नानांनी पहिल्यांदाच मोडला. वहिनींनी त्यांच्याकडं लहान मुलाकडं बघावं तसं बघितलं.

"कापड कापताना कधी राग येतो का, नाना?"

त्या गेल्यावर नानांनी डोकं चालवलं. सलून आणि शिवणकामाचं दुकान यांची भिंत एक. इकडं शिंकलं की तिकडं 'शतायुषी व्हा' म्हणतात. सलूनवाल्यानं दार सांगितलं, वहिनींनी ते रंगवलं. आणि खालून फुगलेलं दार! जगातलं न्हाणीघराचं कोणतं दार खालून फुगलेलं नसतं? नवऱ्याबायकोचं आधीपासूनच काही असणार. लोक दोष द्यायला काहीतरी शोधतात, यंदा अत्तर सापडलं.

नाना दुकानाबाहेर पडताना पायरीवर आठ वर्षं झोपणारं कुत्रं आडवं आलं. नानांनी त्याला लाथ घातली. बरगडी मोडल्याचा आवाज बुटातून पायापर्यंत आला. कुत्रं केकाटत गेलं, शेजारचा भांडीवाला बाहेर येऊन म्हणाला, "अहो नाना! रोज बिस्किटं घालता त्याला!"

"पायात आलं," नाना म्हणाले. आणि त्यांना फार बरं वाटलं.

४

तिसरं मनगट डॉक्टरांचं, ते मुद्दामच. डॉक्टर ना सलूनवाल्याला ओळखत, ना वहिनींना. गप्पा मारत नाहीत. सगळ्या गोष्टींचं कारण सांगतात. त्यांच्या मनगटावर अंगठा दाबून नाना निश्चिंत झाले होते. दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेले तरी डॉक्टर आले नाहीत, तेव्हा नाना वही काखेत मारून स्वतःच निघाले.

दवाखान्याच्या पायरीवर तिथली मदतनीस बाई गुडघ्यात डोकं घालून बसली होती. "आत जाऊ नका," ती म्हणाली. "पोलिसांना बोलावलंय. पेशंटला आत्ताच नेलं."

नाना आत गेले. डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत आरामात आडवे पडले होते. शेजारच्या स्टीलच्या ताटलीत दात होते. नानांनी नको नको म्हणत मोजले. अकरा. मुळांसकट, एकही किडका नाही.

"फक्त साफ करून घ्यायला आला होता," डॉक्टर म्हणाले. "चौथ्या दाताला भूल उतरली. मी थांबलो नाही. बसा ना. वही आणलीय ना?"

नाना उभेच राहिले. पण पेन्सिल हातात आली होती.

"मला वाटलं होतं, गंधानं जुन्या आठवणी जाग्या होतात, त्यातलाच प्रकार असेल. पण ही आठवण नाही. मी त्या घरात कधी गेलेलो नाही. पांढऱ्या दारावर बदकाचं चित्र चिकटवलंय. पिवळं. खूप खाली, रांगणाऱ्या मुलाच्या उंचीला. चोच नखानं खरवडून काढलीय. आत तेच मूल रडतंय. मी मूठ उचलली."

"मग?"

"मग तुम्ही आलात." डॉक्टरांनी डावा हात पुढं केला. मनगटावर अंगठ्याच्या आकाराचा काळानिळा डाग होता. "केवढ्या जोरात दाबलंत हो काल."

नानांना ते ऐकू गेलं नाही. पिवळं बदक त्यांनी स्वतः आणलं होतं, मागच्या महिन्यात. चिंगी न्हाणीघराला घाबरते म्हणून दाराला, तिला दिसेल असं खाली चिकटवलं होतं. दोन दिवसांत तिनं त्याची चोच उपटून खाल्ली होती, तेव्हा लेक हसून म्हणाली होती, "बाबा, तुमचं बदक मुकं झालं."

आणि लेकीकडं कुपी जाऊन तीन दिवस झाले होते.

५

फोन लागेना. टॅक्सीत नाना सीटच्या कडेवर बसून होते. पापुद्रे सुटलेलं दार, आत नळ, आत चिंगी. पण मग "शू, शू" करणारी बाई कोण? शेजारीण असेल. सांभाळायला कोणी ठेवली असेल. लेक बाहेर असेल, हातात काहीतरी घेऊन, आणि ती दाराशी उभी असेल, वहिनी उभ्या होत्या तशी. सगळं जुळत होतं. माणसाला जे नको असतं ते किती पटकन जुळतं!

जिन्यात एक म्हातारे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन कठड्याला धरून चढत होते. नानांनी त्यांना बाजूला केलं. मागं काहीतरी जड वस्तू पायऱ्यांवरून खाली गेली आणि भिंतीला लागून थांबली. नानांनी वळून पाहिलं नाही. माफी नंतर मागता येते.

दार लेकीनंच उघडलं. कडेवर चिंगी, खांद्यावर टॉवेल, नाकाच्या शेंड्याला साबणाचा फेस.

"बाबा? अहो, फोन करून यायचं ना!"

"किती वेळा केला!"

"तुमच्या नातीनं बादलीत बुडवलाय तो. परवापासून. हे काय, केवढा घाम! बसा आधी."

"कुपी कुठाय? लावलीस?"

"कसली कुपी?... हां, ती. अहो, हिला ताप होता, मला वेणी घालायला फुरसत नाही आणि अत्तर कुठलं लावतेय! तशीच आहे. कपाटावर."

पुडकं तसंच होतं. नानांचा विश्वास बसेना. टेबलावरची फळं कापायची सुरी घेऊन त्यांनी दोरा कापला, कागद फाडला. कुपी गळ्यापर्यंत भरलेली, बुचावरचं मेण अखंड. नाना खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे भरून आले. चिंगीनं त्यांच्याकडं बघून दोन्ही दात दाखवले.

"काय झालंय काय तुम्हाला?" लेकीनं चहाचं आधण ठेवलं. "आणि मला विचारताय लावलं का म्हणून! तुम्ही काय त्या अत्तरानं आंघोळ केलीत? दार उघडायच्या आधी मला संत्र्याचा वास आला. आत्ता तर डोळे चुरचुरतायत."

नानांनी बाही हुंगली. काही नाही. तळवा हुंगला. काही नाही.

येणारच नाही. गिऱ्हाइकांना ते नेहमी हसत हसत सांगायचे, सगळ्या गावाला येतो तो वास अत्तरवाल्याला येत नाही. जो वास अंगावर मुरला, तो नाकानं सोडून दिला. तीन थेंब तीन मनगटांवर दाबले, आणि तीनदा, रोज, चाळीस वर्षांच्या सवयीनं... हात आपोआप कानामागं गेला. कातडी ओलसर लागली. चौथं मनगट लेकीचं नव्हतंच. पेन्सिलीनं फाटलेली पानं, कुत्र्याची बरगडी, जिन्यातला म्हातारा. तेवढ्यात खालून जिन्यात कोणीतरी किंचाळलं.

६

"चिंगीला उचल," नाना म्हणाले. "कडी असलेल्या खोलीत जा आणि आतून कडी लाव."

"बाबा, छातीत दुखतंय का? डॉक्टरांना—"

"जा म्हणतो ना! मी काय वाटेल ते बोललो तरी उघडू नकोस. रडलो तरी नाही. मेलो तरी नाही. जा गं माझे आई, पळ!"

तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण पुढं एक शब्द न बोलता ती चिंगीला छातीशी धरून पळाली. काहीतरी लवंडलं. कडी लागली. नानांनी श्वास सोडला. आता आपण बाहेर पडायचं. बाहेरच्या दारापर्यंत पाच पावलं. जिन्यात पोलीस येतील, त्यांना हात पुढं करून द्यायचे.

त्यांनी पाच पावलं टाकली. मोजून टाकली.

समोर फिकट हिरवी भिंत होती. पायाशी निळी बादली पालथी, अजून डुगडुगत होती. बोळाच्या टोकाला पांढरं दार, खालून फुगलेलं. घरातली धड लागणारी एकच कडी न्हाणीघराची. लेक दुसरीकडं जाणार कुठं? पोरीचं रडणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून तिनं नळ सोडला होता. त्यातूनही ऐकू येत होतं. शू, शू.

सुरी आपण टेबलावर ठेवली, हे नानांना पक्कं आठवत होतं. मूठ कुठं होती, पातं कुठं होतं, तेही आठवत होतं. ती उजव्या हातात होती.

त्यांनी मूठ उचलली. इथपर्यंत वहीत होतं. इथून पुढचं कोणी सांगितलेलं नव्हतं.

७

पहिल्या फटक्याला बोटांची सालं गेली. दुसऱ्याला फळी चिरली. नाना खांदा घालत होते, लाथा घालत होते. दुखत काहीच नव्हतं, उलट तारुण्यात पोहताना वाटायचं तसं अंग मोकळं होत होतं. चिरेतून सुरी घातली आणि ओढली. आतून दाराला पाठ लावून बसलेल्या लेकीनं किंकाळी फोडली. पातं बाहेर आलं ते लाल होऊन.

"बाबा! बाबा, मी आहे हो! मीच आहे!"

"माहीत आहे," नाना म्हणाले आणि पुन्हा घातली.

पण वय अडुसष्ट. पंधरा-वीस फटक्यांनंतर दम लागला आणि ते बोळातच भिंतीला टेकून बसले. कडी टिकली होती. नानांच्या आत कुठंतरी, फार खाली, एक माणूस देवाचे आभार मानत होता. टिकली. पोलीस येतील. आता हात उचलत नाही, पाय उचलत नाही. आता हे म्हातारं शरीर काही करू शकत नाही.

मग त्यांचं तोंड उघडलं.

"बाळ," ते म्हणाले. हळू, थकलेल्या आवाजात. "लागलं का गं फार?"

आत नळ वाहत होता.

"गेलं बघ. काय होतं ते गेलं. अंगातला ताप उतरावा तसं उतरलं." ते रडत होते आणि रडणं खरं होतं. "काय केलं मी हे... तुला आठवतं, तू सहा वर्षांची असताना माळ्यावरून पडलीस, मी तुला उचलून दवाखान्यापर्यंत अनवाणी पळालो? डॉक्टर म्हणाले, मुलीला काही नाही, बापाच्या पायात काच आहे. तो बाप गं मी."

"बाबा..." आतला आवाज फुटला. "तुम्हीच म्हणालात, उघडू नको."

"म्हणालो. बरोबर केलंस. शहाणी आहेस. नकोच उघडू." नानांनी डोळे पुसले. कां-कूं करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी कधी घे म्हटलं नव्हतं. नको घेऊ, असंच म्हणायचे आणि गिऱ्हाईक घेऊनच जायचं. "मी इथंच बसतो. फक्त तेवढं फडकं बांध पाठीला. रक्त थांबत नसेल तर आडवी हो. आणि पोरीला त्या गारठ्यात भिजवू नको, कालपर्यंत ताप होता तिला."

चिंगी खोकली.

नानांच्या आतला, फार खालचा तो माणूस आता ओरडत होता. उघडू नकोस. माझ्या आवाजावर जाऊ नकोस. सगळं आयुष्य मी हेच केलंय. त्याचा एकही शब्द ओठांपर्यंत पोचत नव्हता.

"वास... येतोय का अजून?" लेकीनं विचारलं.

"मला कसा कळणार? अंगावरचा मला कधीच कळला नाही." नाना हसले, थोडंसं, लाजल्यासारखं. ते हसणं इतकं त्यांचं होतं की आत लेकीनंही हुंदक्यातून श्वास सोडला.

"सुरी कुठंय?"

नानांनी हाताकडं पाहिलं.

"टेबलावर," ते म्हणाले. "ठेवली कधीच."

नळ बंद झाला. आत ओली पावलं वाजली. चिंगीनं बाहेरचा ओळखीचा आवाज ऐकून आनंदानं दारावर थाप मारली, चोच नसलेल्या बदकाच्या अगदी मागं. कडी गंजलेली होती. ती अर्धी सरकून अडली. लेकीनं जोर केला.

नाना भिंतीचा आधार घेत उठले आणि, गिऱ्हाईक आत येताना देतात तशी, अदबीनं एक पाऊल मागं होऊन जागा दिली.